सत्पात्री दान आणि अपघात विभाग

२६ नोव्हेंबर २००८च्या मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीवरून दोघांना मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात आणले गेले. एक मेलेला, दुसरा जिवंत. जिवंत होता तो अजमल कसाब. काही तासांपूर्वी त्याने आणि त्याच्या साथीदाराने छत्रपती शिवाजी टर्मिनसवर माणसे टिपली होती, आणि त्यांच्या गोळ्या लागलेले लोक त्याच रात्री शहरातल्या रुग्णालयांत जिवाशी झुंजत होते. नायरच्या डॉक्टरांनी कसाबवर उपचार केले. पुढे खटला चालला, अपिले झाली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.

या उपचारांबद्दल तेव्हा चाळीचाळीत वाद झाले. कशाला वाचवायचा, हा प्रश्न लोक रागाने विचारत होते आणि त्या रागाला कारणही होते. त्यावर हमखास मिळणारे उत्तर असे, की तो जिवंत राहिला म्हणून कटाचे धागे हाती लागले. उत्तर खरे आहे, पण ते पोलिसांचे आहे. डॉक्टरने ते उसने घेतले तर पंचाईत होईल. ज्याच्याकडून काही माहिती मिळण्यासारखी नाही, जो साधा पाकीटमार आहे, दारू पिऊन गाडी ठोकणारा आहे किंवा ज्याने स्वतःच्याच बायकोला जाळायला जाऊन स्वतःचे हात भाजून घेतले आहेत, त्याला मग कोणत्या हिशेबाने हात लावायचा? आपत्कालीन वैद्यक ज्या नियमावर उभे आहे त्यात हा हिशेबच नाही. काय झाले आहे एवढेच विचारायचे, कोणाला झाले आहे हे नंतर.

हा नियम आज इतका सरळ वाटतो, की तो माणसाच्या स्वभावातच असावा असा समज होतो. तसे नाही. आपल्या परंपरेतला सर्वांत थोर वैद्यकग्रंथ उघडला तरी ते दिसते. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला वैद्यकाची दीक्षा देतो, तो प्रसंग आहे. रोग्याच्या भल्यासाठी जिवापाड झटावे, स्वतःच्या उपजीविकेसाठीही त्याचा घात करू नये, त्याच्या घरातली गोष्ट बाहेर बोलू नये, असा तो उपदेश आजच्या कोणत्याही आचारसंहितेच्या तोडीचा आहे. पण त्याच उपदेशात कोणाला औषध देऊ नये, याचीही यादी येते. राजा ज्यांचा द्वेष करतो ते, जे राजाचा द्वेष करतात ते, थोरामोठ्यांच्या रोषाला पात्र झालेले, दुराचारी, मरणाच्या दारात पोचलेले, आणि नवरा किंवा पालक जवळ नसलेली स्त्री. या यादीप्रमाणे कसाबला तर नाहीच, पण रात्री एकटीच रिक्षा करून आलेल्या बाळंतिणीलाही दार बंद.

चरकाला आजच्या फूटपट्टीने मोजण्यात अर्थ नाही. राजाच्या शत्रूला वाचवणाऱ्या वैद्याचे डोके धडावर राहीलच याची त्या काळी खात्री नव्हती, आणि मरणासन्न रोग्याला हात लावला तर मृत्यूचे खापर वैद्यावर फुटे. ते आजही फुटते. त्याच ग्रंथात दुसरीकडे असेही सांगितले आहे, की वैद्याने धनासाठी किंवा सुखासाठी चिकित्सा करू नये, प्राणिमात्रांवरच्या दयेपोटी करावी. म्हणजे दया सर्वांवर आणि दार काहींनाच, या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात आहेत. प्रश्न इथेच सुरू होतो. नुसती दया पुरत नाही, असे तर हा ग्रंथ नकळत सांगत नसेल?

दार सर्वांना उघडायला युद्धभूमी कारणीभूत झाली. शीख परंपरा सांगते, की १७०४च्या सुमाराला आनंदपूरच्या वेढ्यात भाई कन्हैया नावाचा पाणक्या जखमींना पाणी पाजत फिरे आणि त्यात मुघल सैनिकही असत. शिखांनी गुरू गोविंदसिंगांकडे तक्रार केली. गुरूंनी कन्हैयाला बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला की मला कोणी शीख किंवा तुर्क दिसत नाही. गुरूंनी त्याला शिक्षा तर केली नाहीच, उलट मलम आणि पट्ट्या दिल्या: पाण्याबरोबर हेही घेऊन जा. पुढे १८५९मध्ये इटलीत सोल्फेरिनोच्या लढाईनंतर आँरी द्युनाँ या स्विस व्यापाऱ्याने हजारो जखमी बेवारस पडलेले पाहिले. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायका दोन्ही बाजूंच्या सैनिकांची सारखीच शुश्रूषा करत होत्या. त्यातून रेडक्रॉस उभी राहिली, आणि १८६४च्या जिनिव्हा करारात जखमी सैनिक कोणत्याही राष्ट्राचा असो, त्याला उचलायचे आणि उपचार द्यायचे असे लिहिले गेले. कन्हैयाच्या मनातली भावना आणि जिनिव्हातले कलम यांत एक मोठा फरक आहे. कन्हैया नसता तर त्या मुघल शिपायाला पाणी मिळाले नसते. कलम मात्र डॉक्टरच्या मनात काय आहे याची चौकशी करत नाही.

मराठी मनाला या ठिकाणी एकनाथ आठवल्याशिवाय राहणार नाहीत. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा घरोघर सांगितली जाते. तिच्यातली खोच सहसा निसटते. आपल्याकडे दानाला देश, काळ आणि पात्र पाहावे लागते. सत्पात्री दान हा शब्द सहज तोंडात येतो तो उगाच नाही. अपात्री दान केले तर पुण्य तर नाहीच, उलट दोष, असे स्मृतिकार बजावतात. त्या पाण्याला रामेश्वराहून मोठे पात्र कोणते असणार होते? नाथांनी पात्रतेचा प्रश्नच बाजूला सारला. जैन आचार्यांनी हीच गोष्ट शास्त्रात बसवली: साधूला द्यायचे ते सुपात्र-दान, आणि दुःखात तडफडणाऱ्याला द्यायचे ते अनुकंपा-दान. दुसऱ्यात घेणाऱ्याची लायकी बघायची नसते.

चीनमधला मेन्सियस हा तत्त्वज्ञ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात म्हणाला, की विहिरीच्या काठावरून लहान मूल पडताना दिसले तर कोणाचेही काळीज हलते, आणि ते मुलाच्या आईबापांची मर्जी मिळावी म्हणून हलत नाही. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९७२मध्ये तोच दाखला पुढे नेला. उथळ तळ्यात बुडणारे मूल काढायला कपडे चिखलात माखतात म्हणून जो थांबतो, त्याला आपण दोष देतो. कारण त्या क्षणी वाचवणे हा उपकार नसतो, ते देणे असते. उपकार केला नाही तर माणूस फार तर कंजूष ठरतो. देणे चुकवले तर दोषी ठरतो.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत हा फरक एका कलमात आला आहे. कोणाला सेवा द्यायची हे निवडण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे, असे ते म्हणते. पण तातडीच्या प्रसंगी कोणीही मदत मागितली तर त्याने धावून जावे, हेही लगेच पुढे सांगते. एरवी डॉक्टर आणि रुग्ण यांचे नाते कराराचे. दवाखान्याची वेळ संपली, ही माझी शाखा नाही, तुमचे-माझे पटत नाही, ही कारणे चालतात. छातीत कळ घेऊन कोणी दारात कोसळला की त्यातले एकही चालत नाही. धर्मशास्त्रातल्या आपद्धर्माच्या हे अगदी उलट आहे. दुष्काळात विश्वामित्राने खाण्यासाठी कुत्र्याचे मांस घेतले, ती कथा महाभारतात आपद्धर्मपर्वात येते. तिथे आपत्ती ज्याच्यावर कोसळते त्याला नियमांतून सूट मिळते. अपघात विभागात आपत्ती एकावर कोसळते आणि बांधला जातो दुसराच.

आता हा बांधील माणूस कोण, हेही नीट पाहायला हवे. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री तीन वाजता उभा असतो तो बहुधा पंचविशीतला निवासी डॉक्टर किंवा सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचा वैद्यकीय अधिकारी. समोर रिक्षातून उतरवलेला माणूस, डोक्याला गुंडाळलेला रक्ताळलेला टॉवेल, सोबत कोणी अनोळखी. टेबलावर मेडिको-लीगल केसचे रजिस्टर: नाव, वय, अंगावरच्या ओळखीच्या दोन खुणा, कोणी आणले, कोणत्या पोलीस ठाण्याला कळवले. त्याच्याकडून एकनाथांची अपेक्षा करता येत नाही. त्याने बारा तास काही खाल्लेले नसेल, कदाचित मागच्याच महिन्यात नातेवाइकांनी त्याची कॉलर धरली असेल. नियम संतांसाठी नसतात. ज्याची दया रात्रीच्या त्या प्रहरी आटलेली आहे, त्याच्या हातूनही योग्य तेच घडावे म्हणून ते असतात.

हे रजिस्टर आधी की माणूस आधी, हे ठरायलाच आपल्या देशाला स्वातंत्र्यानंतर चार दशके लागली. दिल्लीच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात बातमी आली होती. भरधाव मोटारीने एका स्कूटरस्वाराला उडवले. एका वाटसरूने त्याला रक्तबंबाळ अवस्थेत जवळच्या रुग्णालयात नेले. पोलीस केस आहे, आम्हाला परवानगी नाही, वीस किलोमीटरवरच्या अमुक रुग्णालयात न्या, असे त्याला सांगण्यात आले. वाटेतच जखमी दगावला. परमानंद कटारा या वकिलांनी ते कात्रण जोडून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ला निकाल लागला: डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे व्यावसायिक कर्तव्य आहे, आणि कोणताही कायदा किंवा सरकारी पद्धत त्याच्या आड येऊ शकत नाही. त्याला आधार होता घटनेच्या एकविसाव्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. १९९४मध्ये मोटार वाहन कायद्याच्या १३४व्या कलमात दुरुस्ती होऊन सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करणे हे डॉक्टरचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले.

गंमत अशी, की त्या आधीही कोणत्याच कायद्याने डॉक्टरला मनाई केलेली नव्हती. पोलीस आल्याशिवाय हात लावायचा नाही, ही निव्वळ भीतीतून पडलेली चाल होती. साक्षीसाठी कोर्टाच्या खेपा, उलटतपासणीत होणारी शोभा, हे टाळायचे म्हणून. भीती हा तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत दुर्लक्षिलेला विषय आहे. रुग्णालयाच्या दारात मात्र तत्त्वज्ञानाचा पराभव बहुतेक वेळा तिच्याच हातून होतो.

त्यानंतरची कहाणी कोलकात्याची. ८ जुलै १९९२च्या संध्याकाळी मथुरापूर स्थानकात एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव. मथुरापूरच्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून त्याला शहरात आणले. नीलरतन सरकार रुग्णालय, मग कलकत्ता मेडिकल कॉलेज, शंभुनाथ पंडित, नॅशनल मेडिकल कॉलेज, बांगूर न्यूरॉलॉजी, एसएसकेएम. रात्र सरली. कुठे खाट रिकामी नाही, कुठे त्या इजेचा विभाग नाही. कोणीही त्याची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, पैसेसुद्धा मागितले नाहीत, ही सरकारी रुग्णालये होती. तरीही दार उघडले नाही. शेवटी एका खासगी रुग्णालयाने घेतले, सुमारे १७ हजार रुपये खर्च झाला आणि तो वाचला. त्याची संघटना न्यायालयात गेली. ६ मे १९९६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २५ हजारांची भरपाई दिली, आणि पैशाची चणचण ही राज्याला सबब होऊ शकत नाही असे बजावले.

या प्रकरणातला एक तपशील फार बोलका आहे. चौकशीत असे पुढे आले, की गरज पडली तर रुग्णाला ट्रॉलीवर किंवा जमिनीवरही ठेवून घ्यावे अशी मुभा होती. मुंबईच्या केईएममध्ये किंवा सायनला दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून झोपलेल्या रुग्णांचे फोटो दर पावसाळ्यात छापून येतात, आणि आपण हळहळतो. हळहळ योग्यच आहे, ती महापालिकेच्या अंदाजपत्रकापर्यंत पोचायलाही हवी. पण त्या गादीचा एक अर्थ असाही आहे, की इथे आलेल्याला कोणी परत पाठवलेले नाही. चकचकीत रुग्णालयांत जमिनीवर कोणी दिसत नाही, कारण तितके लोक आतच येत नाहीत.

खाट खरोखरच नसेल तर काय, हा मात्र अवघड प्रश्न आहे. रेल्वे अपघात, बॉम्बस्फोट, इमारत कोसळणे: डॉक्टर दोन आणि जखमी साठ. तेव्हा ‘सर्वांना सारखे’ या वाक्याचा अर्थ काय करायचा? नेपोलियनचा शल्यविशारद लारे याने सुरुवातीची एक पायरी बांधली: हुद्दा बघायचा नाही, इजा बघायची. १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचमध्ये अग्निशमन दल आणि होग रुग्णालय यांनी ‘स्टार्ट’ नावाची पद्धत बसवली आणि ती जगभर गेली. बचावकर्मी आधी ओरडून सांगतो, ज्यांना चालता येते त्यांनी इकडे या. ते हिरवे. उरलेल्यांपैकी एकेकाजवळ अर्धा मिनिट. श्वास मिनिटाला तिसाच्या वर, तर लाल. मनगटाची नाडी लागत नाही, लाल. साधी सूचना समजत नाही, लाल. बाकीचे पिवळे. आणि जो श्वास घेत नाही, त्याची मान सरळ करून श्वासमार्ग एकदा मोकळा करायचा. आला श्वास तर लाल. नाही आला तर काळी चिठ्ठी, आणि पुढच्याकडे जायचे.

ही काळी चिठ्ठी म्हणजे चरकाच्या यादीतल्या मरणासन्न माणसाचे पुनरागमन, असे कोणी म्हणेल. चरकाने वैद्याच्या चार वृत्ती सांगितल्या आहेत: सर्वांशी मैत्री, पीडितांबद्दल करुणा, बरे होण्यासारख्या रोग्याच्या बाबतीत प्रेम, आणि चौथी उपेक्षा. चरकाचा टीकाकार चक्रपाणिदत्त याने या चौथीचा अर्थ मरणाकडे निघालेल्याची उपेक्षा असा लावला. तरी दोन्हींत फरक आहे. चरकाचा वैद्य आपली कीर्ती आणि आपले डोके वाचवायला मागे सरतो. चिठ्ठी लावणारा पुढच्या जखमीला वाचवायला पुढे जातो; आणि हाताशी माणसे आली की काळ्या चिठ्ठीजवळ परत यायचे, निदान वेदना तरी कमी करायच्या, हे त्याच्या शिक्षणातच येते. स्टार्टच्या चिठ्ठीवर वय, धर्म, पगार यांना रकाना नाही. समता इथेही आहे, फक्त ती कठोर आहे.

असा रकाना वाढवण्याचा मोह २०२०मध्ये, कोविडच्या साथीत झाला. ६ मार्चला इटलीतल्या भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता डॉक्टरांच्या संघटनेने शिफारशी काढल्या: वेळ आलीच तर अतिदक्षता विभागात घेण्यासाठी वयाची मर्यादा ठरवावी लागेल. डॉक्टरांनी हे लपूनछपून केले नाही, लिहून जाहीर केले, हे त्यांचे धैर्य. पुढच्या महिन्यात तिथल्या राष्ट्रीय जैवनीती समितीने उत्तर दिले, की निवडीचा निकष वैद्यकीयच हवा. वय, लिंग, सामाजिक स्थान, अपंगत्व, खर्च यांवरून निवड करणे नीतीला धरून नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई महापालिकेने चोवीस प्रभागांत वॉर रूम सुरू करून खाटा तिथूनच वाटायला घेतल्या. त्यापूर्वी खाट मिळवायची म्हणजे नगरसेवक, आमदार, कोणाच्या तरी मेहुण्याचा मित्र, असा फोनचा सिलसिला असे. ओळख हाही पात्रतेचाच निकष. फक्त तो कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून त्याच्याशी वादही घालता येत नाही. इटलीतल्या शिफारशींशी निदान भांडता आले.

राजा, धर्म, राष्ट्र, पोलिसांचा कागद, खाट. दारावरचे एकेक प्रश्न असे गळत किंवा निदान सैल होत गेले. राहिला पैसा.

शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात इतर रुग्णालयांतून पाठवलेल्या ४६७ रुग्णांचा अभ्यास १९८६मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७ टक्के रुग्णांना विमा नाही किंवा पुरेसा नाही म्हणून पाठवून दिले होते. पाठवण्याला लेखी संमती घेतली होती फक्त ६ टक्क्यांची. जवळपास चौथा हिस्सा रुग्णांची प्रकृती हलवण्याजोगी स्थिरही नव्हती. त्याच वर्षी अमेरिकन संसदेने ‘एमटाला’ हा कायदा केला: आपत्कालीन विभागात येईल त्याची तपासणी करायची, प्रकृती स्थिर करायची, आणि पैशाची चौकशी त्यात आड आणायची नाही. खर्च कोणी द्यायचा, हे मात्र कायद्यात लिहिले नाही. तिथल्या आपत्कालीन डॉक्टरांची संघटना १९६८ पासूनची आहे. कर्तव्य तिला मान्य, पण बिनपैशाच्या सक्तीबद्दल तिची तक्रार जुनीच. याच संघटनेने विमा कंपन्यांशी भांडून आणखी एक तत्त्व लावून धरले. छातीत दुखते म्हणून माणूस रात्री धावत आला आणि ती निघाली आम्लपित्ताची जळजळ, तर विमा नाकारायचा नाही. सामान्य शहाण्या माणसाला त्या घडीला काय वाटले असते यावर निर्णय करायचा. अमेरिकेच्या सरकारी विम्यात १९९७मध्ये आणि बहुतेक खासगी विम्यात २०१०च्या कायद्याने ते आले. कर्माचा निवाडा फळावरून करू नये, हे विमा कंपनीला कायद्याने शिकवावे लागले. आपल्याकडे ‘भरती होण्याची गरज नव्हती’ असा शेरा मारून दावा फेटाळला गेल्याची पत्रे ज्यांच्या घरी आली आहेत, त्यांना या तत्त्वाची किंमत कळेल.

मार्च २०२३मध्ये राजस्थानात आरोग्य हक्काचा कायदा झाला. तातडीच्या रुग्णाकडून आगाऊ पैसे न घेता उपचार करायचे, त्याने नंतर दिले नाहीत तर सरकार भरपाई देईल. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, रुग्णालये बंद पडली, आणि एप्रिलच्या सुरुवातीला सरकारने तडजोड करून ज्यांनी सरकारी सवलती घेतलेल्या नाहीत अशा खासगी रुग्णालयांना वगळायचे मान्य केले. डॉक्टरांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण सरकारकडून येणी कधी मिळतात, हे शाळेच्या अनुदानापासून रस्त्याच्या ठेकेदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पंधरा खाटांचे नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्यावर अख्ख्या समाजाचे देणे लादायचे आणि आपण कर वाढवायला कां कूं करायचे, यात न्याय नाही. धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात मार्च २०१७मध्ये डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला निवासी डॉक्टरने दुसरीकडे न्यायला सांगितले, कारण तिथे मेंदूचा शल्यविशारद नव्हता. नातेवाइकांनी त्याला इतके मारले की त्याचा डोळा गेला. जागा भरली नव्हती सरकारने, आणि किंमत मोजली त्या मुलाने.

म्हणून या लेखाचे म्हणणे एवढेच: तातडीचा उपचार हे देणे असेल, तर ते सर्वांचे देणे आहे. डॉक्टर ते हाताने फेडतो, बाकीच्यांनी खिशातून फेडायचे. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ला सुरू झालेली १०८ची रुग्णवाहिका, सुरुवातीच्या काळात ९३७ गाड्या, याच न्यायाने धावते. ती बोलावणाऱ्याला कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही.

धर्मादाय रुग्णालयांचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्यांनी किंमत आधीच वसूल केलेली असते, करातली सूट, कुठे स्वस्तात मिळालेली जमीन, अशा रूपांत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेली योजना आहे: दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि इतर रुग्णांच्या बिलांमधून दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत. तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करायचे, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे, आणि भरतीसाठी अनामत मागायची नाही, हेही त्यातच आहे. मार्च २०२५च्या अखेरीस पुण्यात, जुळ्यांची आई होऊ घातलेल्या एका स्त्रीच्या घरच्यांकडे एका बड्या धर्मादाय रुग्णालयाने दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. प्रसूती दुसरीकडे झाली. मुली वाचल्या, आई गेली. गदारोळानंतर त्या रुग्णालयाने यापुढे आपत्कालीन विभागात अनामत घेणार नाही असा निर्णय जाहीर केला. निर्णय म्हणून जे सांगितले गेले, ते २००६पासूनच बंधनकारक होते. ‘धर्मादाय’ पाटी लावणाऱ्यांना आपण अजूनही दान करतो आहोत असे वाटते, आणि दान म्हटले की पात्र तपासायचा हक्क आपसूक आला.

वाचकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रस्त्यावरच्या जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची किंवा साक्षीला थांबण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा आदेश आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले १३४अ हे कलम त्याच्या पाठीशी आहे. आणि धर्मादाय रुग्णालयाच्या काउंटरवर तातडीच्या रुग्णासाठी कोणी अनामतीचा आकडा सांगितला, तर २००६च्या योजनेचे नाव घ्यावे, नकार लेखी मागावा, आणि तो कागद धर्मादाय आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयात नेऊन द्यावा.